गोळी पोटात गेली का? ऑपरेशनच्या आगेमागे कुत्र्या-मांजरांना औषधे आणि वेदनाशामके देताना

आमच्या मोतीचे नसबंदीचे ऑपरेशन झाले त्याच्या तिसऱ्या रात्री तो सारखा कण्हत होता आणि कूस बदलताना मध्येच थांबून टाक्यांकडे मान वळवत होता. सकाळी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गोळ्या पोटात जाताहेत ना?’ मी ठामपणे हो म्हटले, कारण रोज रात्री पोळीच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी मी स्वतःच्या हाताने त्याला भरवत होतो. त्याच संध्याकाळी केर काढताना दिवाणाच्या मागच्या पायाशी दोन गोळ्या सापडल्या. त्यांच्यावरची पोळी चाटूनपुसून खाल्लेली होती आणि गोळ्या कडेला जेमतेम विरघळल्या होत्या. म्हणजे दोन दिवस तो कोणत्याही वेदनाशामकाविना होता आणि वहीत मात्र माझ्या हाताने दोन बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या.

ऑपरेशन तासाभराचे असते आणि ते डॉक्टरांच्या हातात असते. त्यानंतरचे चार-पाच दिवस मात्र आपल्या स्वयंपाकघरात जातात आणि त्या दिवसांत योग्य औषध, योग्य मापाने, योग्य वेळी आणि खरोखर घशाखाली उतरले की नाही, यावर जनावराची झोप, भूक आणि जखम भरणे अवलंबून असते. या लेखात नसबंदी, दात काढणे, गाठ काढणे अशा नेहमीच्या ऑपरेशनांच्या वेळी घरी काय करावे ते क्रमाने सांगितले आहे. मध्ये काही डोस आकड्यांत दिले आहेत. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहण्यासाठी आणि माप समजण्यासाठी आहेत. चिठ्ठीशिवाय औषध सुरू करण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये.

आठवडाभर आधी

सर्वांत आधी वजन. डोस किलोवर ठरतो आणि ‘असेल बारा-तेरा किलो’ या अंदाजावर वेदनाशामक देता येत नाही. घरच्या वजनकाट्यावर आधी एकट्याने उभे राहावे, मग जनावराला उचलून घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. मांजर पिशवीत किंवा तिच्या पिंजऱ्यात बसवून तोलले तर आकडा अधिक नेमका येतो, कारण तीन-चार किलोच्या जिवात अर्ध्या किलोची चूकही मोठी असते.

दुसरे म्हणजे सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. खाजेसाठी महिनाभरापूर्वी दिलेल्या गोळ्या आपल्या लेखी संपलेल्या असतात, पण त्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या असतील आणि त्यातल्या काही अजून अधूनमधून दिल्या जात असतील, तर मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन यांसारखी वेदनाशामके त्यांच्या जोडीने देता येत नाहीत. दोन्ही एकत्र आली की जठराला आणि आतड्याला व्रण पडण्याचा, प्रसंगी छिद्र पडण्याचा धोका फार वाढतो, आणि म्हणून डॉक्टर दोहोंच्या मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवतात. हीच वेदनाशामके मूत्रपिंडातून आणि यकृतातून जात असल्यामुळे वयस्क जनावराची रक्ततपासणी टाळू नये. ‘त्याला काही होत नाही, धडधाकट आहे’ हे मांजरांच्या बाबतीत तर मुळीच खरे मानू नये, कारण मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी होईपर्यंत मांजर बाहेरून ठणठणीत दिसते.

तिसरी तयारी बहुतेक जण करत नाहीत आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे सराव. टाके पडलेले, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन अडकवलेले, भुलीतून नुकतेच बाहेर आलेले जनावर हे गोळी द्यायला शिकण्यासाठी योग्य विद्यार्थी नव्हे आणि आपणही तेव्हा योग्य शिक्षक नसतो. आठवडाभर आधीपासून रोज एकदा ओठ उचलून दातांना बोट लावावे आणि लगेच आवडीचा घास द्यावा. सुई काढलेल्या सिरींजमधून मीठ, कांदा, लसूण न घातलेले चिकनचे पाणी गालात थोडे थोडे सोडावे. तीन-चार दिवसांत सिरींज दिसली की जनावर स्वतः पुढे येऊ लागते. मांजरीला पंच्यात गुंडाळून घेण्याचीही सवय याच दिवसांत करून घ्यावी.

सामान फारसे लागत नाही. एक मिलिलिटरच्या आणि पाच मिलिलिटरच्या दोन-दोन सिरींज, गोळी कापण्याचे प्लास्टिकचे यंत्र, मऊ जाड पंचा आणि एक वही पुरते. गळ्यातला कोन मात्र आधीच मापून घ्यावा, कारण ऐन वेळी मिळालेला आखूड कोन नाकाच्या पुढे जात नाही आणि जनावर आरामात टाके चाटते.

चिठ्ठी कशी मागावी

काही दवाखान्यांत गोळ्यांचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून देतात आणि वर फक्त ‘१-०-१’ लिहितात. आमच्याकडे एकदा अशा दोन पुड्या एकाच पिशवीत आल्या आणि घरी पोहोचेपर्यंत कोणती कशाची हे कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून मी पाच गोष्टी लिहून मागतो: औषधाचे मूळ नाव, त्याची ताकद, एका वेळचे माप, दवाखान्यात इंजेक्शन कोणते व किती वाजता दिले, आणि तोंडावाटे पहिला व शेवटचा डोस कोणत्या तारखेला किती वाजता. डॉक्टर कितीही घाईत असले तरी एवढे लिहायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि बहुतेकांना असे विचारलेले आवडते.

‘गरज वाटली तर द्या’ असे सांगितले असेल, तर ‘गरज कशी ओळखायची’ हेही विचारून घ्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदनाशामक घड्याळाप्रमाणे देणेच बहुधा योग्य ठरते. वेदना एकदा भडकली की मज्जातंतू अधिक संवेदनशील होतात आणि मग तेवढ्याच औषधाने ती आटोक्यात येत नाही. शल्यक्रियेच्या आधीच वेदनाशामक इंजेक्शन देतात त्यामागेही हेच कारण आहे.

प्रतिजैविकासाठी मात्र हट्ट धरू नये. स्वच्छ वातावरणात, निरोगी जनावरावर झालेल्या साध्या नसबंदीनंतर कित्येकदा प्रतिजैविकाची गरजच नसते. वेदनाशामकाची गरज प्रत्येक वेळी असते. आपल्याकडे याच्या उलट समजूत आहे आणि ‘अँटिबायोटिक दिले ना, मग बरे वाटेल’ असे अगदी सुशिक्षित माणसेही म्हणतात.

आदली रात्र आणि सकाळ

भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात. पूर्वी सरसकट रात्रीपासून उपास असे. आता निरोगी, वाढ झालेल्या कुत्र्या-मांजरांना चार ते सहा तास अन्न बंद ठेवणे पुरेसे मानणारे डॉक्टर वाढले आहेत आणि पाणी शेवटपर्यंत ठेवायला सांगतात. लहान पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवले तर रक्तातील साखर घसरते, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी वेळ विचारून घ्यावी. सशांना उलटी होतच नाही आणि त्यांचे आतडे रिकामे ठेवणे हाच धोका असतो, म्हणून त्यांना उपाशी ठेवू नये.

घाबरट मांजरींना आणि दवाखान्याच्या पायरीवरच थरथरणाऱ्या कुत्र्यांना डॉक्टर कधीकधी आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी दोन-तीन तास गॅबापेन्टिन हे भीती कमी करणारे औषध द्यायला सांगतात. ते द्यायचे असल्यास चमचाभर अन्नात चालेल का, हे आधीच विचारावे. या औषधाने चाल डुलते, मागचे पाय लटपटतात आणि मांजर उंचावर उडी मारायला गेली तर पडते, म्हणून डोस दिल्यावर तिला कपाटावर चढू देऊ नये. थायरॉइड, फिट्स किंवा हृदयाची रोजची गोळी त्या सकाळी द्यायची की नाही, हे प्रत्येक औषधागणिक वेगळे असते. आपल्या मनाने मात्र कोणतेही वेदनाशामक ‘आधीच देऊन ठेवू’ म्हणून देऊ नये.

घरी आणल्यावरची पहिली रात्र

सर्वांत जास्त चुका या रात्री होतात. दवाखान्यात मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन सकाळी अकरा वाजता दिलेले असते. चिठ्ठीवर ‘०-०-१’ लिहिलेले असते. घरचे लोक त्याच रात्री नऊ वाजता तोंडावाटे डोस देतात आणि चोवीस तासांत द्यायचे औषध दहा तासांत दोनदा जाते. इंजेक्शनची वेळ लिहून घ्यायची ती यासाठीच. पहिला तोंडी डोस साधारण दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास येतो आणि मग रोजची वेळ हळूहळू सोयीची करून घेता येते.

भूल पूर्ण उतरेपर्यंत तोंडात काहीही घालू नये. मान उचलून धरता येणे, हाकेला कान टवकारणे, आधाराशिवाय उभे राहणे आणि वाटीतले पाणी चाटून नीट गिळणे, या चारही गोष्टी झाल्या की मग नेहमीच्या अर्ध्याहून कमी खाणे द्यावे. मऊ भात आणि उकडलेले चिकन चालते. तासाभरात उलटी झाली नाही, तर औषधाची वेळ असल्यास औषध द्यावे. त्या रात्री जनावराने काहीच खाल्ले नाही तर घाबरण्याचे कारण नाही, पण रिकाम्या पोटी वेदनाशामक देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

माप

पातळ मेलॉक्सिकॅम दोन ताकदींत सर्रास आढळते. कुत्र्यांसाठीच्या बाटलीत एका मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम असते आणि मांजरांसाठीच्या बाटलीत ०.५ मिलिग्रॅम. कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे दिवसातून एकदा किलोला ०.१ मिलिग्रॅम असा प्रचलित डोस आहे. म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून १.२ मिलिग्रॅम लागते, आणि ते १.५ ताकदीच्या बाटलीतून ०.८ मिलिलिटर भरते.

आता ४ किलोची मांजर घेऊ. युरोपातील परवान्यानुसार ऑपरेशनच्या वेळच्या इंजेक्शननंतर चोवीस तासांनी किलोला ०.०५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा आणि जास्तीत जास्त चार दिवस, असा डोस आहे. तिला ०.२ मिलिग्रॅम लागते, म्हणजे मांजरांच्या बाटलीतून ०.४ मिलिलिटर. घरात कुत्र्याची बाटली आहे म्हणून त्यातूनच ०.४ मिलिलिटर घेतले, तर मांजरीच्या पोटात ०.६ मिलिग्रॅम जाते, म्हणजे तिप्पट. दशांशचिन्ह नजरेआड होऊन ४ मिलिलिटर भरले, तर काय होईल याचा विचारही नकोसा वाटतो. अमेरिकेत तर मांजरींना मेलॉक्सिकॅम वारंवार दिल्याने मूत्रपिंड अचानक निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला असतो. त्यामुळे मांजरीच्या बाबतीत ‘अजून दुखतंय, दोन दिवस वाढवू’ हा निर्णय आपला नसतो.

सिरींजबद्दल एक बारीक गोष्ट. घरात कोणाला मधुमेह असेल तर इन्शुलिनची सिरींज हाताशी असते आणि ती छोटी असल्यामुळे सोयीची वाटते. परंतु तिच्यावरचे आकडे मिलिलिटरचे नसतात, युनिटचे असतात. चाळीस युनिटवाल्या सिरींजमध्ये ४० ची रेघ म्हणजे एक मिलिलिटर, तर शंभर युनिटवाल्या सिरींजमध्ये १०० ची रेघ म्हणजे एक मिलिलिटर. औषधासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरींजच घ्यावी, तिच्यावर ठरलेल्या रेघेवर रंगीत चिकटपट्टी लावावी आणि घरातल्या प्रत्येकाला ती दाखवावी. बाटलीबरोबर आलेल्या सिरींजवर कधीकधी किलोच्या खुणा असतात. ती त्याच बाटलीसाठी वापरावी, दुसऱ्या औषधासाठी नव्हे. पातळ औषध भरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी, कारण खाली बसलेला साका शेवटच्या डोसांत एकदम वर येतो.

कुत्र्याला गोळी

पेढ्यात गोळी भरणे ही आपल्याकडची जुनी आणि बऱ्यापैकी यशस्वी पद्धत आहे. दोन-चार दिवसांसाठी पेढ्याचा वाटाण्याएवढा तुकडा बहुतेक कुत्र्यांना चालतो, परंतु मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला तो देऊ नये. शिवाय एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लीन यांसारखी प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमला बांधली जातात आणि शोषली जात नाहीत. ती पेढा, पनीर किंवा दह्यातून दिली, तर गोळी पोटात जाऊनही तिचा पुरेसा उपयोग होत नाही. अशा वेळी उकडलेले चिकन, कलेजी किंवा रताळ्याचा गोळा वापरावा. बाजारातले शेंगदाण्याचे लोणी घेतले तर त्यात साखरेऐवजी वापरतात ती झायलिटॉल नावाची गोडी नाही ना, हे डब्यावर वाचून पाहावे, कारण ती कुत्र्यांना विषारी असते. कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्रा आणि मांजर या दोघांनाही वर्ज्य आहे.

मोतीच्या प्रकरणानंतर मी तीन घासांची पद्धत धरली. एकसारखे तीन छोटे गोळे करायचे आणि गोळी फक्त दुसऱ्यात ठेवायची. पहिला द्यायचा, दुसरा द्यायचा आणि तो गिळण्याआधीच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या ओढीने कुत्रा दुसरा न चावता गिळतो. घास मोठा केला की तो चावतो, कडू लागते आणि पुढचे चार दिवस तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

खाण्यातून जमत नसेल तर तोंड उघडून गोळी द्यावी लागते. कुत्र्याच्या समोर उभे राहू नये, बाजूला बसावे. एक हात वरून मुस्कटावर ठेवून अंगठा आणि बोटे सुळ्यांच्या मागे न्यावीत, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उतरवावा आणि अंगठा व तर्जनीत धरलेली गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर, अगदी मध्यभागी ठेवावी. जिभेच्या बाजूला ठेवलेली गोळी गालात सरकते आणि अर्ध्या तासाने दिवाणाखाली जाते. तोंड मिटवून नाक जमिनीला समांतर ठेवावे, गळा हलके चोळावा. त्याने नाक चाटले की समजावे, गोळी उतरली. तरीही ओठ उचलून एकदा पाहावे आणि मगच वहीत खूण करावी.

मांजरीला गोळी

मांजरीसाठी दोन माणसे असली तर बरे, पण एकट्यालाही जमते. पंचा पलंगावर अंथरावा, मांजरीला मध्ये बसवावे आणि अळूवडीचा उंडा वळतात तसा तिला चहूबाजूंनी, पुढचे पाय आत घेऊन, घट्ट परंतु श्वास मोकळा राहील असा वळावा. पोटावर टाके असतील तर तिला कधीही पाठीवर उताणे घेऊ नये आणि पोटाखालून दाबून उचलू नये. वरून डोके धरून अंगठा आणि मधले बोट गालांच्या हाडांवर ठेवावे व नाक छताकडे वळेल इतपत मान मागे करावी. असे केले की खालचा जबडा आपोआप किंचित सुटतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढच्या लहान दातांवर हलका दाब देऊन गोळी जिभेच्या मुळाशी सोडावी आणि लगेच मान सरळ करावी. हे सर्व तीन-चार सेकंदांचे काम आहे. दोन प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे, मांजरीला सोडावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. झटापटीत टाके ताणले जाणे हे एक डोस उशिरा जाण्यापेक्षा वाईट.

कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहते. डॉक्सिसायक्लीन आणि क्लिंडामायसिन ही औषधे अशी अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होऊन नळी आकुंचन पावते आणि पुढे मांजरीला घास गिळणेही कठीण होते. म्हणून प्रत्येक गोळीनंतर सिरींजने पाच-सहा मिलिलिटर पाणी थोडे थोडे द्यावे किंवा लगेच ओले खाणे खायला द्यावे. गोळीला तुपाचे बोट लावले की ती चटकन सरकते, पण ते पाण्याला पर्याय नाही.

पातळ औषध देताना मान मागे करू नये. सिरींजचे टोक बाजूने, सुळ्याच्या मागे, गाल आणि दात यांच्या मधल्या खोबणीत ठेवावे आणि अर्धा मिलिलिटर सोडून गिळू द्यावे, मग पुढचा. एकदम जोरात सोडलेले औषध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मेट्रोनिडॅझोल किंवा ट्रॅमाडॉल यांसारखे कडू औषध जिभेला लागले की मांजरीच्या तोंडातून फेसाळ लाळेच्या तारा लोंबतात. पाहणाऱ्याला विषबाधा झाल्यासारखे वाटते, पण बहुधा तो चवीचा निषेध असतो आणि काही मिनिटांत थांबतो. औषध किती आत गेले हे सांगता येत नसल्यामुळे डोस पुन्हा देऊ नये. त्याऐवजी कडू गोळी रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. कोणतीही गोळी खलबत्त्यात कुटण्यापूर्वीही विचारावे, कारण काही गोळ्यांवरचे आवरण त्या आतड्यातच विरघळाव्यात किंवा हळूहळू विरघळाव्यात यासाठी दिलेले असते.

घरातला औषधांचा डबा बंद ठेवावा

रात्री दोन वाजता जनावर कण्हते, दवाखाना बंद असतो आणि फ्रीजवरच्या डब्यात क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान सगळे असते. ‘लहान मुलाला देतो तेवढी अर्धी दिली तर?’ असा विचार प्रेमापोटीच येतो, आणि त्याच प्रेमापोटी मांजरी दगावतात.

क्रोसिन आणि डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. हे औषध निरुपद्रवी करण्याची माणसाच्या यकृतातील मुख्य वाट मांजरीत जवळजवळ नसते. त्यामुळे तिच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक बिघडतो, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते आणि अर्धी किंवा पाव गोळीही सुरक्षित नाही. कुत्र्यांना पॅरासिटामॉल डॉक्टर काही वेळा मोजून देतात, पण तो त्यांचा हिशेब असतो. चुकून मांजरीला गेलेच, तर लक्षणांची वाट पाहू नये. ॲसिटिलसिस्टिन हा उतारा उपलब्ध आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो. जाताना गोळीची पट्टी बरोबर न्यावी.

कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन असते आणि व्होव्हेरानमध्ये डायक्लोफेनॅक. दोन्हींमुळे कुत्र्यांना जठरात व्रण, रक्ताची उलटी आणि मूत्रपिंड निकामी होणे असे परिणाम होतात. डायक्लोफेनॅकचे नाव निघालेच आहे तर सांगतो, याच औषधाने उपचार केलेली गुरे मेल्यावर ती खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. त्यानंतर गुरांसाठी सुचवला गेलेला पर्याय होता मेलॉक्सिकॅम.

पण म्हणून माणसांच्या मेडिकलमधून मेलॉक्सिकॅमची गोळी आणून तोडणेही बरोबर नाही. ती ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. वरच्या उदाहरणातल्या ४ किलोच्या मांजरीला ०.२ मिलिग्रॅम लागते, ७.५ ची गोळी म्हणजे तिचे सदतीस दिवसांहून अधिकचे औषध झाले. तिचे सदतीस समान तुकडे करणारा सुरा अजून कोणी बनवलेला नाही.

आपल्याकडच्या जोडऔषधांचा वेगळाच सापळा आहे. डॉक्टरांनी गॅबापेन्टिन लिहिले, तर दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलीन मिसळलेली गोळी देऊ शकतो. ट्रॅमाडॉलच्या जोडीला पॅरासिटामॉल असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि त्या मांजरीसाठी घातक आहेत. गॅबापेन्टिनच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असते. तेव्हा पट्टीवरचे मोठे नाव न वाचता त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत, तिथे एकापेक्षा जास्त औषधे असतील तर गोळी न देता डॉक्टरांना तिचा फोटो पाठवावा.

दुखते आहे की औषध बाधते आहे?

कुत्र्याचे दुखणे बऱ्याचदा दिसते. तो एका जागी टेकत नाही, पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच ठेवतो, विनाकारण धापा टाकतो, टाक्यांजवळ हात नेला की मान झटकन वळवतो. मांजर मात्र पलंगाखाली जाऊन गप्प बसते आणि घरचे म्हणतात, ‘छान आराम करतेय.’ ती घुर्रघुर्र करत असली तरी सुखात असेलच असे नाही. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती घरीही वापरता येते. कान बाजूला झुकून एकमेकांपासून दूर गेलेत का, डोळे बारीक झालेत का, मुस्कट ताणलेले आहे का, मिशा ताठ पुढे आल्यात का, डोके खांद्यांच्या पातळीखाली गेले आहे का, हे पाहून प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर तिला वेदनाशामकाची गरज आहे असे मानतात. मी ऑपरेशनच्या आधी, ती निवांत जागी असताना, चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवतो. तुलना सोपी जाते.

औषध बाधत असल्याची खूण वेगळी असते. उलट्या, जुलाब, डांबरासारखी काळी शी, खाण्याकडे पाठ फिरवणे, एकाएकी फार पाणी पिणे किंवा लघवी कमी होणे, हिरड्या फिकट पडणे, यांपैकी काही दिसले तर पुढचा डोस थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे. पाणी न पिणाऱ्या किंवा सतत उलट्या करणाऱ्या जनावराला मेलॉक्सिकॅमच्या गटातले वेदनाशामक देणे म्हणजे मूत्रपिंडावर थेट घाला घालणे होय. गॅबापेन्टिनने येणारी सुस्ती अपेक्षित असते, पण हाक मारूनही जाग येत नसेल तर ती सुस्ती नव्हे.

डोस चुकला तर आठवण होताच काय करावे ते फोनवर विचारावे आणि पुढचा डोस दुप्पट करू नये. औषध दिल्यावर उलटी झाली तर त्यात गोळी दिसते का ते पाहावे, किती मिनिटांनी झाली ते लिहावे आणि आपल्या मनाने पुन्हा देऊ नये. घरात औषध देणारे दोघे असतील, तर वही फ्रीजच्या दारावर टांगावी, नाहीतर आजीने सकाळी दिलेला डोस सूनबाई दहा वाजता पुन्हा देतात.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोपर्यंत वेदनाशामक संपलेले असते आणि बाटलीत बहुधा निम्मे औषध उरलेले असते. त्या बाटलीवर उघडल्याची तारीख, जनावराचे नाव आणि त्या वेळचे वजन लिहावे, टाके काढायला जाताना ती दवाखान्यात न्यावी आणि ठेवायची की टाकायची हे तिथेच विचारावे. पाणी मिसळून तयार केलेले प्रतिजैविक मात्र बाटलीवर लिहिलेले दिवस उलटले की फ्रीजमध्ये असले तरी वापरू नये. मोतीच्या उरलेल्या गोळ्या मी परत दिल्या तेव्हा डॉक्टरांनी मोजल्या; दोन जास्त निघाल्या, त्या दिवाणाखालच्या.